माठातला रुपया

चांदीला चिकटलेलं काही लपून राहत नाही, हे वाक्य मी त्या वर्षी इतक्या जणांना ऐकवलं की अब्बा त्याला माझा सतराचा पाढा म्हणू लागले होते. अब्बा, म्हणजे बाबूभाई, चंद्रपुरात दागिन्यांना पॉलिश करतात. चाळीस वर्षं चांदी चोळणाऱ्या माणसाला चांदीविषयी शिकवायला जाणं हा शुद्ध आगाऊपणा होता. पण आगाऊपणा माझ्यात पहिल्यापासून भरपूर आहे.

मी जैनब. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. माझ्याकडे शिवणयंत्राच्या पेटीएवढं एक यंत्र आहे. त्यातून लेझरचा लाल ठिपका निघतो. ठिपका ज्याच्यावर पडतो त्याचे रेणू थरथरत असतात, आणि परत येणाऱ्या उजेडात त्या थरथरीची खूण उमटते. संगणकावर ती डोंगररांगेसारखी दिसते. प्रत्येक पदार्थाची रांग वेगळी, शिखरं वेगळ्या आकड्यांवर. याला रामन वर्णपट म्हणतात. एरवी ही थरथर फार क्षीण असते, यंत्राला ती मुश्किलीने ऐकू येते. पण तोच रेणू खरबरीत चांदीवर जाऊन चिकटला की त्याची कुजबुज लाखपटीने वाढते, आणि मग घागरभर पाण्यातला कणभर पदार्थही पकडता येतो. गोष्ट सांगायला एवढं पुरे.

दोन वर्षांपूर्वी पोळ्यानंतर मूल तालुक्यातल्या चार मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी बांधलेल्या, तलावांत मासे मरून वर आले. धानाच्या बियाण्याला चोळतात ते बुरशीनाशक शेतांतून वाहून तलावात उतरलं असणार, असा माझा अंदाज होता. अंदाज कसला, मला तेच हवं होतं. त्याच्यावर माझा पेपर उभा राहणार होता.

तिसरा तलाव खैरबोडीचा. तिथल्या मच्छीमार सोसायटीचे मनसारामभाऊ मला डोंग्यातून पाण्यात घेऊन गेले. साठीचा, वाळक्या अंगाचा माणूस. मी पाचवी बाटली भरली तेव्हा त्यांनी विचारलं.

"मॅडम, थे तुमचं मशीन पान्यातलं जहर सांगते म्हनतात."

"सांगतं की."

"घरच्या माठातलंबी सांगन?"

मग डोंगा तसाच पाण्यावर सोडून त्यांनी सगळं सांगितलं. घरात तिघं होती. ते, त्यांची बायको भागीरथा आणि त्यांची विधवा बहीण ठमाबाई. पोळ्याच्या आधी भागीरथाला उलट्या सुरू झाल्या, तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या वाटेवर ती गेली. घरातलं पाणी भरायची ठमाबाई. तेराव्यानंतर मोहल्ल्यातल्या बायका ठमाबाईच्या हातचं पाणी पिईनाशा झाल्या. आजवर रोवणीला, कापणीला सगळ्यांना पाणी तीच वाटायची. आता जी ती आपापली बाटली बांधाला ठेवू लागली. 'करणी' हा शब्द कायद्याच्या भीतीने कोणी तोंडातून काढत नव्हतं. पोलीस पाटील बापूजी तर छातीठोक सांगायचे की आमच्या गावात असलं काही नाही. पण हातचं पाणी सुटलं की पुढे घर सुटतं, गाव सुटतं. याआधी त्या गावात दोघींचं तसं झालं होतं.

"माह्या बहिनीवर नाव आलं, मॅडम," मनसारामभाऊ म्हणाले. "तिनं काई केलं नाई. मी बैठकीत सांगून टाकलं, मशीन जे सांगन थे गाव मानन. बापूजी हाव म्हनले. सारे हाव म्हनले."

त्या माणसाचा बहिणीवर इतका विश्वास होता की त्याने तिला एका पेटीच्या हवाली केलं होतं. मी तिथेच हात जोडायला हवे होते. भाऊ, हे यंत्र असल्या कामाचं नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "चांदीला चिकटलेलं काही लपून राहत नाही."

चांदी कुठून आली ते सांगते. त्या घरात, आणि मोहल्ल्यातल्या आणखी काही घरांत, नवी सून आली की पिण्याच्या माठात एक राणीछाप रुपया टाकतात. पाण्यात जहर असलं तर चांदी काळी पडते ही समजूत. ती बाई जिवंत आहे तोवर रुपया बाहेर निघत नाही. ती गेली की घरातली पुढची बाई तो राखेने आणि चिंचेने घासते आणि परत टाकते. भागीरथा गेल्यावर घासायची पाळी ठमाबाईची, आणि तिने त्याला हात लावावा की नाही यावरच सगळं अडलं होतं. म्हणून माठ रुपयासकट झाकून कोपऱ्यात ठेवलेला होता.

मनसारामभाऊंनी हे सांगितलं तेव्हा मला भागीरथा आठवली नाही, ठमाबाई आठवली नाही. भागीरथाच्या लग्नापासून छत्तीस वर्षं पाण्यात पडलेली चांदी! खड्डे पडलेली, किडलेली, खरबरीत. प्रयोगशाळेत असा पृष्ठभाग बनवताना माझे दोन-दोन दिवस जातात. इथे तो आयता होता.

ठमाबाई दारातच उभी होती. उंच, हाडकुळी, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत हिरवं गोंदण. तिने माठावरचं झाकण काढलं आणि स्वतःच चार पावलं मागे सरकली, हे मला लागलं. मी चिमट्याने रुपया वर काढला. काळपट झाला होता, राणीचं नाक झिजून गेलं होतं. स्क्रूच्या झाकणाच्या बाटल्या त्या महिन्यात मिळाल्या नव्हत्या, म्हणून मी रबरी बुचाच्या काचेच्या बाटल्या आणल्या होत्या. माठाच्या तळाशी उरलं होतं तेवढं सगळं पाणी बाटलीत घेऊन, रुपया त्यात बुडवून मी बूच घट्ट दाबलं.

"बाई," ठमाबाईने विचारलं, "हे मशीन पाह्यते, त्यानं थे जिनस बिघडत तं नाई?"

"नाही," मी म्हणाले.

खोटं बोलले. बिघडतो. लेझरखाली रेणू जळतो, तुटतो, कधी दोन रेणू जोडले जाऊन तिसरंच काही तयार होतं आणि आपण त्याची शिखरं मूळ पदार्थाची म्हणून वाचत बसतो. बघण्यानेच नवीन वस्तू जन्माला येते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवते. पण डोक्यावर ऊन होतं, जीपवाला हॉर्न वाजवत होता, आणि खेड्यातल्या बाईने नेमका तोच प्रश्न विचारावा याचा मला थोडा रागही आला होता.

प्रयोगशाळेत तिसऱ्या दिवशी दुपारी रुपया यंत्राखाली ठेवला. आधी नुसता गाळ दिसला. जुन्या चांदीवर जळक्या मळाची दोन रुंद टेकाडं असतातच. त्या गाळात ज्याला जे हवं ते दिसतं, त्यामुळे शहाणा माणूस तिकडे लक्ष देत नाही. मी ठिपका राणीच्या गालावरच्या एका खड्ड्यात सरकवला. तेराशे ऐंशीवर एक शिखर उठलं. उभं, टोकदार. मग गेलं. मग परत आलं.

यालाही कारण आहे. चिकटलेला रेणू कधी उभा राहतो, कधी आडवा पडतो, जागा बदलतो. उभा असला की एक शिखर मोठं होतं, आडवा पडला की दुसरं. आम्ही याला लुकलुकणं म्हणतो आणि मी ते हजारदा पाहिलं आहे. पण त्या दुपारी मला वाटलं की पलीकडून कोणीतरी मान वर करून पाहतंय, आणि मी पाहिलं की मान खाली घालतंय. मी उठून पंखा बंद केला. कशासाठी केला ते मला आजही सांगता येणार नाही.

संदर्भाची रांग काढून ताडून पाहिलं. थायरम. बियाण्याला चोळायची भुकटी. चांदीला गंधक प्रिय, आणि थायरममध्ये गंधक आहे. चांदीवर तो मधोमध तुटतो आणि दोन्ही अर्धे घट्ट बसतात. मग कॅनमधलं डिस्टिल्ड पाणी घेऊन चांदीच्या दुसऱ्या तुकड्यावर तपासलं, तिथे काही नव्हतं. चारही तलावांचं पाणी तपासलं, चारही ठिकाणी तेराशे ऐंशी. रिकाम्या प्रयोगशाळेत मी एकटीने टाळी वाजवली.

मग मनसारामभाऊंना फोन केला.

"भाऊ, थायरम सापडलं."

त्यांनी विचारलं, "धानाच्या बियाले लावतात थे?"

"हो. पण कोणी टाकलं हे यंत्राला कळत नाही. तुमच्या तलावातही तेच आहे, तिथूनच आलं असेल."

"आमी तलावाचं पानी पीत नाई, मॅडम. हातपंपाचं पितो." ते थांबले. "ठमा भरते."

एवढ्याशा थायरमने माणूस मरत नाही, असं मी घाईघाईने म्हणाले. तोवर त्यांनी फोन ठेवला होता.

आठवड्याने बापूजींचा फोन आला. आवाज अगदी प्रसन्न. "मॅडम, तुमच्या मशीननं निकाल लावून देला. ठमाबाई आता तलावाच्या पाळीवरच्या पंपघरात राह्यते. कोनी बोट लावलं नाई हां तिले. तिची तीच गेली."

मी स्वतःला समजावलं. मी फक्त वाचलं, लिहिलं कोणी दुसऱ्यानेच. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोन-तीनदा मनात म्हटलं. आणि पेपर लिहायला बसले.

पेपरला तुलनेसाठी निखळ पाणी हवं होतं, जिथे शेत नाही, बियाणं नाही. अहेरीच्या पुढे जंगलातल्या एका झऱ्याचं पाणी मी मागवलं. तिथून कोसभर धानाची काडी नाही. ठिपका ठेवला, पाच सेकंदांत शिखर उठलं. तेराशे ऐंशी. नमुना चुकला असेल म्हणून दुसरी बाटली मागवली. तिच्यातही. कॉलेजच्या नळाचं पाणी भरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं. होतं. घरच्या माठातलं, जे अब्बा आणि मी रोज पितो, ते नेलं. होतं. शेवटी अब्बांच्या कपाटातलं आबेजमजम दोन घोट बाटलीत घेतलं. हजवरून कोणीतरी आणलेलं, दोन वर्षं सील फोडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते यंत्राखाली ठेवलं. शिखर उठलं, पडलं, परत उठलं.

डिस्टिल्ड पाणी तेवढं दरवेळी स्वच्छ. म्हणजे यंत्र बरोबर होतं. म्हणजे मी जिथे जिथे जात होते तिथे ते आधीच होतं, किंवा माझ्या मागून येत होतं.

रसायनशास्त्रात पीएच.डी. केलेल्या बाईने हे लिहू नये, पण मला भीती वाटली. दिवसाढवळ्या, ट्यूबलाइटच्या उजेडात. मी हात धुऊ लागले. साबणाने, मग अल्कोहोलने, मग परत साबणाने. जेवताना स्वतःच्या बोटांकडे पाहायचे. कोणी चहाचा कप पुढे केला की आधी त्याच्या हाताकडे नजर जायची. त्या खेड्यातल्या बायका आपापली बाटली बांधाला का ठेवत होत्या, ते मला आतून कळू लागलं होतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

रुपया परत द्यायचा होता. रविवारी ती बाटली मी घरी आणून टेबलावर ठेवली. अब्बा दुकानातून आले, चष्मा लावला, बाटली उजेडाला धरली.

"ये चांदी रबर के साथ किसने रखी?"

"मी. का?"

"पागल हो गई क्या?" त्यांनी बूच काढून रुपया तळहातावर घेतला. "हमारे यहाँ झाडू मारनेवाला भी चांदी की पुडी को रबरबँड नहीं लगाता. रबर चांदी को खाता है." रुपयाच्या कडेला नखाएवढी काळी किनार होती, बाटली आडवी पडून बुचाला टेकली होती तिथे. ती मी छत्तीस वर्षांची समजले होते. अब्बांनी अंगठा फिरवला. "पुराना कालापन अलग रहता, बेटा. ये महिनेभर का भी नहीं है."

रबर मजबूत करायला त्यात गंधकाची संयुगं घालतात. त्यातलं एक तेच, जे बियाण्याला चोळतात. पदार्थ तोच, शिखर तेच. हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि विसरले होते. बाबूभाईंनी कधीच वाचलं नव्हतं.

सोमवारी मी डिस्टिल्ड पाणी त्या बाटलीत भरून, बूच लावून, आडवं ठेवून दिलं. मंगळवारी सकाळी तपासलं. तेराशे ऐंशी. मी ते पाणी नेहमी कॅनमधून सरळ घेत होते, ते बाटलीत कधी गेलंच नव्हतं. नमुना ज्या भांड्यात आणता त्याच भांड्यात आधी कोरं पाणी तपासा, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना ओरडून सांगते. चूक इतकी बाळबोध होती की मला रडूही आलं नाही. पेपर गेला, झऱ्याची भीती गेली, एकदम हलकं वाटलं. मग ठमाबाई आठवली.

आणि मग लक्षात आलं की एक गोष्ट मला कधीच सांगता येणार नाही. रुपयावरच्या सगळ्या जागा आता बुचातल्या गंधकाने घेतल्या होत्या. त्याच्याआधी तिथे काय होतं, काही होतं की नव्हतं, हे आता कोणतंच यंत्र वाचू शकत नव्हतं. माठातलं पाणी त्याच बाटलीत संपलं होतं. भागीरथाची राख होऊन तीन महिने झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी खैरबोडीला गेले आणि आधी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गेले. दुपारचे बारा वाजले होते. तलाव स्वच्छ, निळा, बगळे पाण्यात उभे. पंपघराच्या सावलीत ठमाबाई फाटकं जाळं विणत बसली होती. बारीक झाली होती, पण चेहरा शांत होता, आधीपेक्षा शांत. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. बाटली, बूच, रबर, माझी चूक. सांगता सांगता मला रडू फुटलं.

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "रडू नको, बाई. मशीन खरंच बोलली."

"नाही हो, ते बाटलीतून—"

"मले आता आठवलं."

मी डोळे पुसले.

"पैले मलेबी वाटे का मी नाई टाकलं," ती म्हणाली. तिचे हात जाळ्यावर चालूच होते. "मंग इथी बसून बसून रोज पाह्यलं. डोये लावून पाह्यलं का दिसते. पैल्या दिवशी नुसता माठ दिसला. मंग हात दिसला. हात माहाच व्हता, गोंदन व्हतं त्याच्यावर. मंग पुडी दिसली. पांढरी भुकटी, थोडकीशीच. झाकन काढलं, टाकली, पदराले हात पुसला. भागीरथा चुलीपाशी पाठ करून बसली व्हती. आता रोज दिसते थे."

मी विचारलं, "ठमाबाई, तुम्हाला शेत आहे का?"

"नाई."

"कधी बियाणं आणलंत घरात?"

"नाई. आमी मासे धरनारे."

"मग पुडी कुठून आली तुमच्याकडे?"

तिने विणणं थांबवलं. खरोखर विचार केला, कपाळाला आठी घालून, एखादी हरवलेली वस्तू आठवावी तसा.

"थे अजून नाई दिसलं," ती म्हणाली. "दिसन."

मी तिथून जवळजवळ पळतच मनसारामभाऊंच्या घरी आले. जितका वेळ ती पाळीवर एकटी बसेल तितकं तिला अधिक दिसत जाईल, एवढं मला कळलं होतं. तिला आजच्या आज घरात आणायला हवं होतं. बापूजींना बोलावलं, अंगणात पंधरा-वीस माणसं जमली. मी बाटली दाखवली, बूच दाखवलं, कॅनमधल्या आणि बाटलीतल्या पाण्याचे दोन्ही वर्णपट छापून आणले होते ते हातोहात फिरवले. लोक ते कागद उलटसुलट करून पाहत होते. मनसारामभाऊ भिंतीला टेकून उभे होते, त्यांचे ओठ हलत होते.

बापूजींनी घसा साफ केला. "म्हंजे माठाच्या पान्यात काई नव्हतं. असंच ना?"

खरं उत्तर एकच होतं, मला माहीत नाही. ते उत्तर मी त्या अंगणात दिलं असतं तर ठमाबाई पंपघरातच मेली असती. मनसारामभाऊ माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"नव्हतं," मी म्हणाले. "तपासलंय मी. काहीही नव्हतं."

मनसारामभाऊ मटकन खाली बसले आणि तोंडावर गमछा धरून हमसून हमसून रडले. मग उठून स्वतः पाळीवर गेले आणि बहिणीला हाताला धरून घेऊन आले. आयुष्यात इतकं नीटनेटकं खोटं मी कधी बोलले नव्हते, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

"आता पानी सुरू करा लागन," बापूजी म्हणाले.

सुटलेलं पाणी सुरू करायची त्यांची रीत आहे. नवा माठ आणतात. जिचं पाणी सुटलं तिनेच तो हातपंपावर भरायचा, तिनेच तांब्यातून द्यायचं. ज्याच्या तोंडून तिच्यावर नाव आलं त्याने पहिल्यांदा प्यायचं, मग तिच्या घरच्याने, मग गावाने. बापूजींनी इकडेतिकडे पाहिलं. नाव तसं सगळ्यांच्याच मनातून आलं होतं, पण तोंडातून आलं होतं एकाच माणसाच्या.

"मॅडम, पैले तुमी."

मला आनंदच झाला. इतकं स्वस्त प्रायश्चित्त कोणाला मिळतं? ठमाबाईने माठ भरून आणला, घरात नेला, आतून तांब्या घेऊन आली. ती माझ्यासमोर आली, दोन्ही हातांनी तांब्या पुढे केला. तिच्या चेहऱ्यावर तीच शांती होती. मी तांब्या धरला तेव्हा ती थोडी वाकली आणि मला एकटीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली,

"पुडी कुठची थे दिसलं, बाई. चुलीमागच्या कोनाड्यात व्हती. आताबी हाये."

मी तांब्यात पाहिलं. पाणी होतं. पाण्यासारखं पाणी. तळाशी पितळ चमकत होतं, आणि त्या चमकेवर काही हललं की नाही, मला सांगता येत नव्हतं. माझं यंत्र साठ किलोमीटरवर होतं. घरचं शेत नव्हतं, बियाणं नव्हतं, पुडी असायचं काही कारण नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं, आणि तांब्या माझ्या ओठांपाशी थांबला.

दोन सेकंद असतील, फार तर तीन. मग मी प्यायले. गटागटा, सगळ्यांना दिसेल असं, हनुवटीवरून ओघळेपर्यंत. पाणी थंड होतं आणि त्याला हातपंपाच्या लोखंडाची चव होती, दुसरी कसलीच नाही. मला काही झालं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पण मी तांब्या खाली घेतला तेव्हा अंगणातला एकही माणूस माझ्या गळ्याकडे पाहत नव्हता. सगळे माझ्या हाताकडे पाहत होते, जो थांबला होता.

ठमाबाईने तांब्या पुन्हा भरून आणला आणि भावापुढे धरला. अंगणात बसलेल्या मनसारामभाऊंनी हात पुढे केला. मग तो गुडघ्यावर ठेवला. बहिणीकडे त्यांनी पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"मले तहान नाई," ते म्हणाले.

ठमाबाईने मान हलवली, जणू बरोबरच आहे. तांब्या उंबऱ्यावर ठेवला, पदराला हात पुसले आणि पाळीच्या वाटेला लागली. तिला कोणी जा म्हणालं नाही. थांब असंही कोणी म्हणालं नाही, आणि मीही म्हणाले नाही.